वाक्य तपासणारे सर

आमच्या शाळेत ‘व्हेरी’ या शब्दाला बंदी होती. ती मुख्याध्यापकांनी घातलेली नव्हती. त्यांना तर वाक्यात एखादा तरी व्हेरी आल्याशिवाय आपण इंग्रजी बोललो असं वाटतच नसे. बंदी घातली होती इंग्रजीच्या सरांनी. भाजी बेचव झाली म्हणून पाणी वाढवावं तसा हा शब्द आहे, असं ते म्हणत. कोणी वर्गात व्हेरी म्हटलं की सर त्याला काही बोलायचे नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. पोरांना छडीपेक्षा त्याचीच धास्ती जास्त होती.

मी गणित शिकवायचे. नाशिकरोडच्या त्या शाळेत मी लागले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं आणि सर तिथल्या पिंपळाइतकेच जुने समजले जात. उंच, किडकिडीत, अंगात पांढरा शर्ट. उजव्या पायाला सायकलची क्लिप, म्हणजे पँट साखळीत अडकू नये म्हणून लावतात ती. ती ते वर्गातसुद्धा काढत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बाई, केव्हा निघावं लागेल सांगता येत नाही.” लग्न केलेलं नव्हतं. खाणावळीत जेवायचे. लग्न का केलं नाही, असं एका आगाऊ सहकाऱ्याने विचारल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, “केलं असतं हो, पण कसं केलं असतं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.”

हे ‘कसं’ हाच त्यांचा ध्यास होता. जिन्याखाली एक छोटा फळा टांगलेला होता. त्यावर रोज सकाळी सर एक इंग्रजी क्रियाविशेषण लिहीत. नेहमीचं नाही, कोशात धूळ खात पडलेलं, कोणाच्या तोंडी नसलेलं. ग्रजिंगली म्हणजे कुरकुरत, फर्टिव्हली म्हणजे चोरून, असलं काहीतरी. खाली मराठीत अर्थ. ‘क्रियापद म्हणजे आरोप, क्रियाविशेषण म्हणजे पुरावा’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “काय केलं ते जो तो सांगतो. चोर पण सांगतो. कसं केलं ते विचारा, मग माणूस सापडतो.” दिवसभर तो शब्द शाळेत फिरायचा. आमचा शिपाई घंटा देऊन यायचा आणि सरांना सांगायचा, “सर, आजची शेवटची घंटा ग्रजिंगली दिली बरं का, पाय दुखत होता.” सर त्याला वाकून नमस्कार करायचे.

नववी-दहावीच्या मुलांनी त्या शब्दाचं एक वाक्य लिहून द्यायचं असे. अट एकच. वाक्य खरं पाहिजे. गाइडातलं चालणार नाही, राजा-राणीचं चालणार नाही. आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं, स्वतः पाहिलेलं. आणि खरं आहे की नाही हे सर जाऊन तपासत.

जाऊन म्हणजे खरोखर सायकलवर टांग मारून. आधी मला हे सगळे चेष्टेने सांगतात असं वाटलं होतं. देवळालीगावातल्या एका मुलाने लिहिलं की माझी आजी व्होसिफरसली, म्हणजे गगनभेदी आवाजात, घोरते. सर रविवारी दुपारी त्याच्या घरी हजर. पण शाळेचे मास्तर आलेत म्हटल्यावर म्हातारी झोपते कशाला? ती लुगडं सावरून त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या आईवडलांची चौकशी करू लागली. सर परत आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. या खेपेला म्हातारीने थोडा वेळ दम धरला आणि मग बसल्या जागी लवंडली. सर सोमवारी स्टाफरूममध्ये आले ते खुशीत. “व्होसिफरसली हा शब्द खरं म्हणजे बोलण्याला लावतात,” ते म्हणाले, “पण त्या बाईचं ते बोलणंच आहे. बरोबर दिलं मी.”

घरी गेल्यावरची रीतही ठरलेली होती. चहा घ्यायचा, मग उभं राहायचं, मुलाचं वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत मोठ्याने वाचायचं आणि ज्याच्याविषयी ते असेल त्यालाच विचारायचं, “हे खरं आहे का?” लोकांना त्याचं अप्रूप होतं. आपल्याविषयी इंग्रजीत काही लिहिलं गेलं म्हणून माणसं हरखायची. शेजारीपाजारी ऐकायला गोळा व्हायचे.

एका मुलाने लिहिलं होतं, माझी आई बिलेटेडली जेवते. उशिराने, सगळं उरकल्यावर. सरांनी त्याच्या घरी ते वाचलं. बाप एका वखारीत हमाल होता. तो खाली बघत राहिला. काही दिवसांनी तो मुलगा सरांकडे आला आणि म्हणाला, “सर, माझं वाक्य आता खोटं झालं. आई आमच्याबरोबरच बसते.” सरांनी त्याचा कागद शोधून काढला आणि बरोबरच्या खुणेवर भली मोठी फुली मारली. तो कागद घेऊन ते स्टाफरूमभर फिरले. इतक्या आनंदाने मारलेली फुली मी दुसरी पाहिलेली नाही. मला वाटतं, त्या दिवशी सरांच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं. खरं वाक्य ज्याचं त्याच्यासमोर नीट वाचलं की ते खोटं व्हायला लागतं, असं ते धरून चालले.

एका थंडीत फळ्यावर शब्द आला ‘असिड्युअसली’. नेमाने, मन लावून, कंटाळा न करता. चांगला शब्द. सरांनी मुंगीचं उदाहरण दिलं, घरटं विणणाऱ्या सुगरणीचं दिलं. पोरांनीही तशीच वाक्यं लिहिली. कोणाचा काका असिड्युअसली शिवणकाम करत होता, कोणाची ताई अभ्यास करत होती. मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. दहावीतल्या शालनचा. ‘माय फादर बीट्स माय मदर असिड्युअसली.’

शालन एकलहऱ्याहून यायची. वडील वीज केंद्रात कामाला, तिथल्याच कॉलनीत क्वार्टर. गणितात बरी, बोलायला कमी.

“शब्द चुकला असेल,” मी म्हटलं.

“नाही बाई,” सर म्हणाले. “इतकी वर्षं मी हा शब्द शिकवतोय. कळला कोणालाच नव्हता. मलाही नव्हता.”

मी शालनला एकटीला गाठलं. ती रडली वगैरे नाही. उत्तर तयार असल्यासारखं सांगत गेली. वडील ड्यूटीवरून येतात, हातपाय धुतात, शर्ट खुंटीला लावतात, चहा पितात. मग दार लावतात. मी विचारलं, इतका राग कशाचा येतो त्यांना? ती माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाली, “रागात नाही मारत बाई. रागात मारलं असतं तर मी अँग्रिली लिहिलं असतं.”

आजही ते आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

मुलीच्या घरी जायचं तर सर कोणातरी बाईंना बरोबर घेत. म्हणून मी गेले, आणि त्यांनी एकट्याने जाऊ नये म्हणूनही. बसमध्ये मी त्यांना परोपरीने सांगितलं, की सर, नुसतं भेटून येऊ, अभ्यासाचं बोलू, वाक्य वाचू नका. ही आजीच्या घोरण्याची गंमत नाही.

“मग बाकीच्यांच्या घरी वाचलं ते काय म्हणून?” ते म्हणाले. “तिने खरं लिहिलंय. तिचंच तेवढं नाही वाचायचं?”

“त्याचा त्रास तिला होईल.”

“वाक्य खोटं करायला चाललोय मी, बाई.”

हे त्यांनी इतक्या विश्वासाने सांगितलं की मी गप्प बसले. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

क्वार्टर अगदी टापटीप होतं. दारात तुळस, खिडक्यांना पडदे. शालनचे वडील नीटनेटके, मृदू बोलणारे गृहस्थ. कॉलनीतल्या गणपतीचे कार्यकर्ते, कोणाचं भांडण झालं तर मिटवायला यांनाच बोलावत. “या सर, या बाई, आमचं घर पावन केलंत,” असं म्हणत त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. शालनने चहा आणला. तिची आई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. सायखेड्याकडची होती. मी तिला काहीबाही विचारलं, ती “हां बाई” एवढंच म्हणत राहिली.

चहा संपला. सर उठून उभे राहिले. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढली, पण त्यांनी वाचलंच. आधी इंग्रजीत, मग मराठीत. “माझे वडील माझ्या आईला नेमाने, मन लावून, कंटाळा न करता मारतात.” आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांत बघत नेहमीसारखं विचारलं, “हे खरं आहे का?”

शालनच्या वडिलांनी आपल्या कपाकडे बघितलं. मग त्यांनी तो बशीत ठेवला.

“शब्द बरोबर वापरलाय का तिने, सर?”

“बरोबर वापरलाय.”

“मग मार्क द्या तिला,” ते म्हणाले, आणि हसले.

आम्हाला पोचवायला ते थेट बसथांब्यापर्यंत आले. रस्त्याला खडी टाकली होती, तर बाईंना सांभाळून न्या म्हणून सरांना बजावलं. बस सुटेपर्यंत हात जोडून उभे होते.

सोमवारी शालन आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. मग तिच्या वडिलांनी येऊन तिचं नाव काढलं. मुख्याध्यापकांना ते शांतपणे म्हणाले, “घरातलं बाहेर सांगायला शिकली, तेवढं शिक्षण पुरे.” परीक्षा तोंडावर आलेली होती. तिला मामाकडे सायखेड्याला पाठवलं. सर तिथेही गेले, निदान परीक्षेला तरी बसू द्या म्हणून. मामाने त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, “सर, पाया पडतो, तुम्ही आता येऊ नका. पोरीला स्थळ आलंय, तुमच्या पायी ते मोडंल.” वैशाखात तिचं लग्न लागलं.

मी सरांवर भयंकर चिडले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मी त्यांना बोलले, की तुमच्या एका नियमासाठी तुम्ही पोरीची दहावी घालवलीत. त्यांनी ऐकून घेतलं. “तुम्ही बरोबर बोलताय, बाई,” म्हणाले आणि वर्गावर गेले. त्या दिवसापासून जिन्याखालचा फळा कोरा राहिला. पोरं सवयीने येऊन बघायची, शिपाई रोज ओल्या फडक्याने पुसायचा.

मग कोणीतरी बातमी आणली की सर संध्याकाळचे एकलहऱ्याला दिसतात. शाळा सुटली की ते सायकलवर थेट तिकडे जात होते. शालनच्या घरासमोर रस्त्यापलीकडे नाल्यावर एक मोरी होती, तिच्या कठड्यावर बसत. समोर ते दार. वडील ड्यूटीवरून यायच्या सुमारास हजर, आणि घराघरांतून जेवणाची ताटं वाढली जाईपर्यंत तिथेच. काही बोलायचं नाही, कोणाकडे जायचं नाही, नुसतं बसायचं. उन्हाळ्यात, पावसात छत्री घेऊन, थंडीत मफलर बांधून. कॉलनीतल्या पोरांनी आधी हुर्यो केली, मग त्यांनाही कंटाळा आला. कोणी विचारलं की इथं काय करता, तर सर सांगत, “तपासणी चालू आहे.”

मुख्याध्यापकांनी समज दिली. शाळेची बेअब्रू होते म्हणाले. सर म्हणाले, शाळेच्या वेळेनंतर मी कुठल्या मोरीवर बसावं याचा काही नियम आहे का? तसा नियम नव्हता.

शालनच्या बापाची तऱ्हा मात्र आणखीच वेगळी. पहिल्या आठवड्यातच तो घरातली खुर्ची घेऊन रस्ता ओलांडून आला. “सर, दगडावर कशाला बसता? तुमचं वय आहे का?” सरांनी खुर्ची घेतली आणि तिच्यावर बसले. पुढे रोज ती खुर्ची त्यांच्यासाठी तिथे ठेवलेली असे. आत नेण्याआधी तो ती फडक्याने पुसून घ्यायचा.

मी त्यांच्याशी पुन्हा बोलू लागले ते याच दिवसांत. माणसाची कीव आली की राग फार टिकत नाही. एकदा मी विचारलं, “सर, कधीपर्यंत?” ते लहान मुलासारखे खुलले. “बाई, दार उघडं असतं. मी बसलेला असतो तोवर दार लागत नाही. आतून आवाज नाही, काही नाही. वाक्य खोटं व्हायला लागलंय.” कित्येक दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघत होते. मलाही बरं वाटलं. म्हटलं, वेडेपणा असेल, पण कोणाच्या तरी कामी येतोय. जगात शहाण्यांकडून एवढंही होत नाही.

ते निवृत्त झाले तरी जात राहिले. गुडघे गेले तेव्हा सायकल सुटली आणि बस आली. पायातली क्लिप मात्र तशीच. आम्ही निरोप समारंभ केला तेव्हा भाषणांच्या मध्येच ते उठले, वेळ झाली म्हणाले आणि हार गळ्यात तसाच ठेवून बसथांब्याकडे गेले. लोक हसले. मीही हसले.

एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि तो वाढत गेला. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तर श्वास पुरत नव्हता, तरी एकच घोर. “बाई, चार दिवस खाडा झाला. तुम्ही जाऊन बसाल का?” मी हो म्हटलं. माझी मुलं लहान होती, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी दोन संध्याकाळी गेले, मोरीवर बसले. कोणी खुर्ची आणली नाही. दार मात्र उघडं होतं. ते मी त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ते गेले. भाऊ गावाकडून आला, सगळं उरकून निघून गेला.

त्यानंतर महिनाभराने असेल, शिपाई वर्गात येऊन म्हणाला, एक बाई भेटायला आल्यात. स्टाफरूमच्या दाराबाहेर शालनची आई उभी होती. केस पार पांढरे झालेले, एक हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नसावा. मी तिला आत बसवलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“सर येत नाय आता,” ती म्हणाली. “आजारी हायेत का? म्हटलं शाळंत इचारून यावं.”

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी शालनचं विचारलं तर म्हणाली, हाय, दोन लेकरं हायेत, चाललंय तिचं. कसं चाललंय ते विचारायचा मला धीर झाला नाही.

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, “सरांमुळे तुमचा त्रास तरी थांबला. त्यांना फार समाधान होतं त्याचं.”

तिने मान वर केली.

“थांबला कुठं बाई,” ती म्हणाली. “सर बसलेले असायचे तवर हे पेपर वाचीत बसायचे. सर गेले, की खुर्ची आत आणायची, दार लावायचं.”

शेजारच्या वर्गात पोरं पाढे म्हणत होती. “मग सांगितलं का नाही तुम्ही? सरांना एकदा तरी सांगायचं.”

“कशापायी सांगू? म्हातारा मानूस, लय लांबून यायचा,” ती म्हणाली. “आन् ते येऊन बसले, की मी आत जरा आडवी व्हायचे. तिन्हीसांजेला झोपू नाय म्हनतात, पन मी झोपायचे. भ्या नसायचं तेवढा येळ. डोळाच लागून जायचा.”

मी तिचा तो वाकलेला हात हातात घेतला. तिने घेऊ दिला, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

“किती वाजलं बाई?”

चार वाजून गेले होते. ती उठली. पेपर वाचायला आता काही कारण राहिलं नाही, त्यामुळे नवरा हल्ली आल्या आल्याच दार लावतो, चहा तयार नसला तर अजूनच मारतो, असं तिने मला पायात चपला घालता घालता सांगितलं. मी तिला रहा म्हटलं, माझ्या घरी चल म्हटलं. ती नाही म्हणाली. मी फाटकापर्यंत तिच्यामागे गेले. एकलहऱ्याची बस समोरच उभी होती, आणि ती मिळावी म्हणून ती बाई रस्ता ओलांडून पळत गेली.